गुडघ्यातील पेशींचे घर

जालन्याच्या कपाशीत उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या गुडघ्यांना आधार असतो तो कूर्चेच्या गुळगुळीत गादीचा. या गादीत पेशी अगदी थोड्या. बाकी सारे त्यांनीच विणलेले कोलॅजनचे जाळे आणि पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकॅन. हे घरच पेशीला घडवते. प्रयोगशाळेतील सपाट बशीत वाढवलेल्या कूर्चापेशी पसरट होऊन आपला धर्म विसरतात. मऊ जेलमध्ये ठेवल्यास पुन्हा कूर्चेचे कोलॅजन बनवू लागतात, हे १९८२ मध्ये दिसून आले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटला की पोषक द्रव आत झिरपतो. म्हणून, वाचकहो, नियमित चाला, वजन आटोक्यात ठेवा, खुरपताना मधूनमधून उभे राहा. दुखणे टिकले तर वेळीच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. झिजलेले जाळे शरीर सहसा पूर्ववत विणू शकत नाही.