थाळनेरचा शेवटचा दरवाजा

किल्ला पाहायचा म्हटले की आपली खानदेशी मंडळी रायगड-सिंहगडाची वाट धरतात. शिरपूर तालुक्यातले थाळनेर कोणाला आठवत नाही. आठवलेच तर लता मंगेशकरांचे आजोळ म्हणून. आम्हीही तेथे गेलो ते फारुकी राजांच्या कबरी पाहायला. पण पाय अडला तो ढासळलेल्या किल्ल्यापाशी.

या किल्ल्याची एक बाजू तापीतून सरळ वर चढते. उरलेल्या तिन्ही बाजूंना खोल घळ. आत जायची वाट एकच, पूर्वेची, आणि तिच्यावर वळणावळणाने पाच दरवाजे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा प्रकार या दरवाजांतच घडला.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन २७ फेब्रुवारीला थाळनेरास आला. किल्लेदार होते तुळशीराम मामा. शिबंदी सुमारे तीनशे, बहुतेक पगारी अरब. हिस्लॉपने कळविले, किल्ला तहाने आमचा झाला आहे, लढाल तर बंडखोर ठराल. आतून गोळ्या सुटल्या. मग तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे गेले, आणि किल्लेदार स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

शेवटच्या दरवाजाशी मात्र अरब उभे होते. शरण यायचे ते कोणत्या अटींवर, हा त्यांचा प्रश्न. बोलणी झाली, पण एकाची भाषा दुसऱ्याला नीट कळेना. अखेर दिंडी उघडली, काही इंग्रज अधिकारी व शिपाई आत शिरले आणि झटापट उडाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यावर फौज आत घुसली आणि जवळजवळ सारी शिबंदी कापली गेली. किल्लेदारांना त्याच संध्याकाळी बुरुजावर फाशी दिले.

हा दगाफटका होता, असे इंग्रजांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही. करार वर होतो आणि अटी फाटकावरच्या माणसापर्यंत पोचत नाहीत, हे आम्ही संपाच्या दिवसांत डोळ्यांनी पाहिले आहे. तेथे नोकरी जाते, येथे तीनशे माणसे गेली. बरे, अरबांनी दगा केला असे घटकाभर धरले, तरी झटापट झाली तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होते. त्यांचा त्यात हात कसा? ही शंका खुद्द विलायतेतही निघाली. १८१९ साली पार्लमेंटने या मोहिमेबद्दल सेनेचे आभार मानले, तेव्हा किल्लेदारांची फाशी त्या आभारांतून मुद्दाम वगळली. हिस्लॉपला शिक्षा मात्र झाली नाही.

जाणाऱ्यांनी आधी कबरी पाहाव्यात. त्यांवरचे दगडकाम सुरेख आहे. मग पूर्वेच्या अंगाने घळीतून वर चढावे. त्या दिवशी फौज आत आली ती याच बाजूने.