फुटलेला पियानो आणि फाटलेली हलगी

जानेवारी २०२० च्या अखेरीस बर्लिनमध्ये एक पियानो हमालांच्या हातून निसटून पडला. तो होता अँजेला ह्युइट या कॅनडात जन्मलेल्या ख्यातनाम पियानोवादक बाईंचा. बेथोव्हनच्या रचनांचे ध्वनिमुद्रण नुकतेच आटोपले होते. पियानो इटलीच्या फाझिओली कारखान्यातला. त्या मापाचा, चार पेडलांचा असा जगात तो एकच होता, असे बाईंनी लिहिले आहे. किंमत निदान दीड लाख पौंड. कारखान्याचे संस्थापक पाओलो फाझिओली यांनी तो तपासला आणि दुरुस्त करण्यात अर्थ नाही असा निर्वाळा दिला.

का अर्थ नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पियानोच्या पोटात बिडाची चौकट असते. दोनशेहून अधिक तारांचा मिळून सुमारे वीस टनांचा ताण ही चौकट पेलते. बीड असा स्थिर भार वर्षानुवर्षे सोसते. धक्का मात्र सोसत नाही. पोलाद वाकेल, बीड तडकते. आणि तडकलेल्या चौकटीवर पुन्हा वीस टनांचा ताण कोण चढवणार? लाकडी सांगाडाही मोडला होता. म्हणजे पियानो मेलाच.

बाईंनी हमालांवर आग पाखडली नाही, ही नोंद केलीच पाहिजे. पस्तीस वर्षांच्या कामात असे कधी घडले नव्हते, माणसे शरमून गेली होती, कोणाला इजा झाली नाही, असे त्यांनी लिहिले. हा मोठेपणाच. जगभरच्या वृत्तपत्रांनी पियानोचा नमुना, किंमत, पेडलांची संख्या छापली. हमालांची नावे मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाहीत.

पियानोचे पडणे हा अपघात. वाद्यांची दुसरी एक जात आहे, आणि जात हा शब्द मी मुद्दाम वापरतो, जिचे मोडणे तिच्या घडणीतच लिहिलेले आहे. ती म्हणजे चामड्याची वाद्ये. हलगीचे कातडे कमावलेले नसते. चुन्यात घालून केस काढलेले, साफ केलेले, ओले असतानाच कड्यावर ताणून वाळवलेले ते कच्चे कातडे. ते हवेतला ओलावा पिते. ओल प्याले की फुगते, सैल पडते, आवाज बसतो. म्हणून वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात. ओल उडते, कातडे आवळते, आवाज चढतो. शेक जास्त झाला तर कातड्याचे तंतू कायमचे आखडतात आणि कड्यालगत चीर जाते. ओल तशीच राहिली तर बुरशी धरते, किडा लागतो. एवढ्याशा पट्ट्यात हलगी जगते. तो पट्टा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. माझ्या चुलत्याला ते बोटाच्या टिचकीने कळत असे.

तबला, ढोलकी, मृदंग यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. पुडीवरची काळी शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि पिठाची खळ यांचे थरावर थर. प्रत्येक थर दगडाने घासतात. घासता घासता शाईत बारीक भेगांचे जाळे पडते आणि ते पडावेच लागते. एकसंध कडक शाई कातड्याला हलूच देणार नाही. म्हणजे इथे तडा हे नुकसान नाही, ती कारागिरी आहे. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिले की, पुडीवरच्या या भारामुळेच आपल्या चर्मवाद्यांतून तंतुवाद्यासारखे सुसंवादी स्वर उमटतात. रामन यांचे श्रेय कोणी काढून घेत नाही. पण ज्यांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या दगड घासून हे साधले, त्यांना आपण कारागीर म्हणतो आणि रामन यांना शास्त्रज्ञ म्हणतो. ज्ञानाची ही वाटणी कोणत्या नियमाने झाली, ते या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

बर्लिनचा पियानो पडला, त्याच सुमारास चेन्नईत एक पुस्तक प्रकाशित व्हायचे होते. गायक टी. एम. कृष्णा यांचे ‘सेबॅस्टियन अँड सन्स’. विषय, मृदंगम् घडवणारी माणसे. त्यांतली बरीच दलित ख्रिस्ती. या वाद्याच्या तोंडांना गाय, म्हैस आणि बकरी अशा तिन्ही जनावरांचे कातडे लागते. पालघाट मणी अय्यर यांचे नाव संगीतरसिकांना पाठ आहे. त्यांच्यासाठी मृदंगम् घडवणाऱ्या पर्लांदू यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? कृष्णा यांनी ही नावे लिहिली, कातड्याबद्दलही लिहिले. पुस्तकातला काही भाग वृत्तपत्रात येताच कलाक्षेत्र या संस्थेने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह काढून घेतले. समारंभ फेब्रुवारी २०२० मध्ये दुसरीकडे झाला. मैफलीत नाद चालतो. तो कशातून निघतो हे बोललेले चालत नाही.

आता महाराष्ट्रातली, माझ्या पाहण्यातली एक नोंद. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे युवक महोत्सवानंतर वाद्ये एका खोलीत ठेवली होती. पावसाळ्यात खोली गळली. पेटीचा भाता सुटला, तबल्याची शाई उचलली गेली, आणि एका विद्यार्थ्याने घरून आणलेली हलगी पार कुजली. पेटी आणि तबला डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. दुरुस्तीचा खर्च पुढच्याच बैठकीत मंजूर झाला. हलगी रजिस्टरमध्ये नव्हती. मी अर्ज केला, तेव्हा खरेदीची पावती मागण्यात आली. कडे त्या मुलाच्या आज्याचे. मढवणारा दरवेळी धान्य नाहीतर रोख घेणारा. पावती कुठली? मढवण्याचे नवे बिल आणा म्हणाले, तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. मेलेल्या जनावराच्या कातड्याला ‘डेडस्टॉक’मध्येही जागा मिळू नये, याला काय म्हणावे! पैसे शेवटी आम्ही चौघा प्राध्यापकांनी घातले. रक्कम किरकोळ होती, मुद्दा तो नव्हता.

आमच्यातले काही मित्र यावर चिडतात. हलगी फाटली तर फाटू द्या, ती गुलामीची खूण आहे, असे ते म्हणतात. त्यांचा राग पोकळ नाही. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, हीन कामे सोडा असे सांगितले, त्यानंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी गावकीचे वाजवणेही नाकारले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. तमिळनाडूतही पराई वाजवण्याची सक्ती नाकारण्याचा असाच इतिहास आहे. पण नाकारलेले वाद्य आणि कुजू दिलेले वाद्य यांत फरक आहे. पहिल्यात वाजवणाऱ्याचा निर्णय असतो. दुसऱ्यात त्याला कोणी विचारलेलेच नसते. बाबासाहेबांना नादाचे वावडे नव्हते, उत्तरायुष्यात ते व्हायोलिन शिकत होते. भीमराव कर्डकांचा जलसा याच काळात उभा राहिला. वाजवणे सक्तीचे आहे की स्वतःच्या मर्जीचे, भांडण तेवढ्यावरच होते.

अलीकडे फायबरच्या पानाची हलगी मिळते. ती पावसात सैल पडत नाही, शेकावी लागत नाही, सहसा फाटत नाही. मोर्चाला ती बरी. कातडे सोलण्याचे काम कोणाच्या पोराच्या वाट्याला येऊ नये, या दृष्टीने मला तिचे दुःख नाही. ११ जुलै २०१६ रोजी उनामध्ये मेलेली गाय सोलली म्हणून आपल्या तरुणांना कसे झोडपले, ते आपण पाहिले आहे. पण फायबरचा आवाज शेकलेल्या कातड्यासारखा चढत नाही, हेही वाजवणारेच सांगतात.

त्या विद्यार्थ्याकडे आता दोन्ही हलग्या आहेत. त्याची हलगी मढवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढे गेले; त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो आणि या कामाला हात लावायला तयार नाही. मुलाचे चुकते असे मला वाटत नाही. विद्यार्थ्याने म्हाताऱ्यापाशी चार रविवार बसून चुन्याचे प्रमाण, भिजवण्याचे दिवस, उन्हाळी नि पावसाळी ताणातला फरक, सगळे वहीत उतरवून घेतले आहे. अकरा पाने झाली. प्रकल्प म्हणून ती जमा करायची तर मराठी विभाग म्हणतो हे पदार्थविज्ञान आहे, पदार्थविज्ञान विभाग म्हणतो ही लोककला आहे. वही सध्या माझ्या टेबलावर आहे. पहिल्या पानावर त्या गृहस्थांचे नाव, गावासकट, ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.