फवारणीचा सदरा घरच्या धुण्यात नको



फवारणी झाली की आपण पंप धुतो आणि उलटा करून गोठ्यात टांगतो. अंगातला ओला सदरा मात्र घरच्या धुण्यात टाकून मोकळे होतो. आम्ही बांधावर फिरताना हे नेहमी पाहतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "साबण लावल्यावर काय राहतंय त्यात?"

राहते. औषध सुताच्या धाग्यात मुरते, आणि वाळले की लवकर निघत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. विष श्वासातून जाते तसे भिजलेल्या कपड्यांवाटे कातडीतूनही शरीरात जाते. तोच कपडा घरची बाई उघड्या हाताने चोळते, दगडावर आपटते, आणि त्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडतात. फवारणी कारभाऱ्याने केली, पण विष कारभारणीच्याही वाट्याला आले.

म्हणून पहिली दोन पाणी फवारणाऱ्यानेच काढावीत, आणि तीही रानातच. कपडे बादलीत बुडवून काठीने ढवळावेत. ते पाणी फवारलेल्याच रानात ओतावे. विहिरीजवळ, पाटात किंवा भोगावतीच्या काठाला ओतू नये, कारण तिथे जनावरे पाणी पितात. परसातल्या वांग्या-मिरचीलाही ते नको. टू-फोर-डी मारलेल्या कपड्याचे पाणी तिथे गेले तर काय झाले ते झाडेच सांगतील. (ज्यांच्या शेजारी द्राक्षबाग आहे त्यांना या औषधाचा वेगळा परिचय द्यायला नको.)

आता साबणाचे. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात चुन्याचे क्षार असतात. वडीच्या साबणाचा त्यांच्याशी संयोग झाला की फेस येत नाही, पांढरी चिकट साय धरते आणि ती कपड्यावरच बसते. साबण झिजतो, मळ तसाच. यावर उपाय धुण्याच्या सोड्याचा. खायचा सोडा वेगळा, तो नव्हे. बादलीभर पाण्यात दोन चमचे सोडा आधी विरघळवावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग साबण घालावा. सोडा क्षार खाली बसवतो, म्हणून साबण कामाला येतो. जड पाण्यात वडीपेक्षा धुण्याची पावडर चांगली, ती अशी फुटत नाही. लोकरी कपड्याला मात्र सोडा लावू नये.

फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवावेत. पाणी सोसेल तेवढे गरम घ्यावे, हातात रबरी मोजे असावेत, आणि आधी काठीने घुसळावे, आपटणे शेवटी. एकदा धुऊन भागत नाही, पुन्हा एकदा पावडरीत काढावे. बादली वेगळी ठेवावी आणि तिला रंगाचा पट्टा मारावा. तान्ह्या मुलाची दुपटी त्या बादलीत कधीच नकोत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे हे काम देऊ नये. कपडे उन्हात, घराबाहेर वाळवावेत. वस्तीवर धुण्याचे यंत्र असले आणि लाइटही असली, तरी हे कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नयेत.

बाटलीतले घट्ट औषध अंगावर सांडले असेल तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नये. लगेच अंगातून काढावा आणि कातडी साबण लावून भरपूर पाण्याने धुवावी. तो सदरा गेला असेच समजावे. पोतेरे म्हणूनही घरात ठेवू नये.

धुणाऱ्याचे किंवा फवारणाऱ्याचे डोके दुखले, मळमळ झाली, तोंडाला पाणी सुटले, नजर धूसर झाली, तर लिंबूपाणी देत बसू नये. डॉक्टर गाठावा, आणि जाताना औषधाच्या बाटलीचे लेबल बरोबर न्यावे. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय त्यांनाही इलाज ठरवता येत नाही.