पराभवानंतरचा पहिला गुण

व्यावसायिक टेनिसमध्ये एकेरीच्या स्पर्धेत 32 खेळाडू उतरले, तर त्यांपैकी 31 जण पराभव घेऊनच परततात. पुढे नवे शहर, नवी स्पर्धा आणि बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा तेच. म्हणूनच या तरुणांचा आत्मविश्वास केवळ विजयावर उभा राहू शकत नाही. पराभव पचवण्याच्या बळावरच तो टिकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने हे बळ 30 सप्टेंबर 2023 रोजी चीनमधील हांगझोऊ येथे दाखवले. आशियाई क्रीडा स्पर्धेतील मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात तिने आणि रोहन बोपण्णाने पहिला सेट 2-6 असा गमावला. दुसरा त्यांनी 6-3 असा जिंकला आणि निर्णायक टायब्रेक 10-4 असा घेऊन सुवर्णपदक मिळवले.

दोन गुणांच्या मध्ये खेळाडूला जेमतेम 25 सेकंद मिळतात. तेवढ्यात श्वास संथ करायचा, झालेली चूक मागे टाकायची आणि पुढच्या चेंडूसाठी सज्ज व्हायचे. ही सवय उपदेशाने नव्हे, रोजच्या सरावाने जडते.

झरीच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याला हे परके नाही. कापसाचा भाव पडला, तरी तोटा रोजकीर्दीत लिहून तो सकाळी वेळेवर दुकान उघडतोच. मग हरून आलेल्या लेकीला घरात पहिला प्रश्न एवढाच विचारावा: “उद्या सराव किती वाजता?”