कोणी पाहत नसताना

रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला व्यवहार आहे, असे रमजानमध्ये दरवर्षी सांगितले जाते. घरात एकट्या असलेल्या रोजेदाराने दार लावून घोटभर पाणी प्याले तर कोणाला कळणार? पण तो पीत नाही. एकादशी नेमाने करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोणी पाहत नसतानाचा हा प्रामाणिकपणा आणि त्याच्या जोडीला सबर, ज्यांच्या रोजच्या कामाचा पाया आहे, अशा लोकांविषयी आज लिहायचे आहे. हे लोक म्हणजे स्मृतिभ्रंशावर प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक.

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हटले की विषय संपतो. मोहल्ल्यात 'दिमाग कमजोर हो गया' म्हणतात, शेजारच्या आळीत 'म्हातारचळ लागला' म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शंभरात सातांहून थोडे अधिक. याचा अर्थ उरलेल्या नव्वदांहून अधिक जणांना तो नाही. संशोधकांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. म्हातारपण वेगळे आणि हा आजार वेगळा.

याचा पहिला पुरावा प्रयोगशाळेतूनच आला. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. साठीला अजून नऊ वर्षे होती. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून, त्यांवर चांदीच्या क्षारांचा रंग चढवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गाठीसारखे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे ट्यूबिंगेनच्या परिषदेत मांडले, पण त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. आज स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला त्यांचेच नाव आहे.

ते थर आणि तो गुंता कशाचा, हे समजायला पुढची जवळपास ऐंशी वर्षे गेली. १९८४ मध्ये थरांमधले प्रथिन वेगळे काढता आले. त्याला अमायलॉइड म्हणतात. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील प्रयोगशाळेत इंगे ग्रुंडके-इक्बाल, त्यांचे पती खालिद इक्बाल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, गुंता 'टाउ' या प्रथिनाचा आहे आणि त्यावर फॉस्फेटचा वाजवीपेक्षा जास्त भार चढलेला आहे. टाउचे खरे काम पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या नळ्या टिकवून धरण्याचे. ते सुटले की पेशीची रसदच तुटते.

रोजचे काम मात्र बातमीत येईल असे नसते. मेंदूचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप करायचे. एक काप सुरकुतला तर पुन्हा करायचा. उंदरांना हा आजार आपसूक होत नाही, म्हणून माणसाचे सदोष जनुक त्यांच्यात घालून तो घडवावा लागतो. मग त्यांना गढूळ पाण्याच्या हौदात सोडतात. पाण्याखाली एक लपलेला चौथरा असतो. निरोगी उंदीर काही दिवसांत त्याची जागा लक्षात ठेवतो, आजारी उंदीर भरकटत राहतो. त्याला किती सेकंद लागले, हे रोज टिपायचे.

आता माणसाच्या रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशी मागे वळवून त्यांपासून चेतापेशी वाढवता येतात. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली ही वाट उंदरांच्या पेशींत दाखवली, पुढच्याच वर्षी ती माणसाच्या पेशींत जमली आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अशा पेशी काचेच्या ताटलीत महिनोन्‌महिने जगवाव्या लागतात. त्यांचे पोषणद्रव एक-दोन दिवसांआड बदलावेच लागते. पेशींना ईद कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. म्हणून सणाच्या दिवशी कोणीतरी कोणाची पाळी घेतोच. बाकी रोजेदार संशोधकाची एक सोय आहे. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला बाराही महिने सगळ्यांनाच बंदी असते.

एवढे करूनही उंदीर तो उंदीरच. शेवटी माणसाचा मेंदू लागतोच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. आजारी माणसांचे मेंदू तिथे हवे असतात, तसेच तुलनेसाठी शेवटपर्यंत सगळे आठवणाऱ्यांचेही हवे असतात. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो. मग मृतदेह घरच्यांच्या स्वाधीन केला जातो. चेहरा बिघडत नाही. तरीही हा निर्णय सोपा नाही. आपल्यात दफनाची घाई असते, अवयवदानाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. हिंदू घरांतही अंत्यविधीच्या वेळी मन तयार नसते. इथे कोणाला फतवा किंवा उपदेश द्यायचा नाही. ज्यांना याविषयी वाटते त्यांनी हयातीतच घरात बोलावे, आपल्या आलिमांना, गुरुजींना विचारावे. ऐन वेळी रडणाऱ्या मुलांवर हा भार टाकू नये.

ज्या कुटुंबाने असा मेंदू दिला, त्याने संशोधकाच्या हाती अमानत सोपवली. आता सुरुवातीची गोष्ट पुन्हा आठवा. काचपट्टीवरचे थर मोजताना संशोधक एकटा असतो. पाच थर दिसले तिथे आठ लिहिले तर कोण पाहणार आहे? म्हणून नियम असा की, पट्ट्यांवरची नावे झाकायची. मोजणाऱ्याला कळूच द्यायचे नाही की ही पट्टी रुग्णाची आहे की निरोगी माणसाची, औषध दिलेल्या उंदराची की न दिलेल्या. आपल्या मनाला हवे ते डोळ्यांना दिसू नये, यासाठी ही काळजी.

ती पाळली गेली नाही तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. २००६ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात आलेला अमायलॉइडवरचा एक निबंध वर्षानुवर्षे आधार म्हणून वापरला गेला. त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचे पुढे उघड झाले आणि २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. मधल्या अठरा वर्षांत त्यावर विसंबून किती जणांनी वेळ आणि पैसा खर्च केला असेल! या आजारात वेळ हीच तर रुग्णाची खरी पुंजी असते.

पण त्यावरून सगळेच खोटे, असे म्हणू नये. चूक उघडकीला आणणारेही संशोधकच होते. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतले अमायलॉइड काढते आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण काही प्रमाणात मंदावते. गेलेली स्मृती ते परत आणत नाही. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. प्रथिन सापडल्यापासून इथवर यायला ३९ वर्षे लागली. सबर म्हणतात तो हाच.

औषधाची वाट पाहताना हातात काही आहे. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाने १४ धोके सांगितले. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कमी ऐकू येणे, कमी शिक्षण, एकटेपणा हे त्यांतले काही. सगळे टाळता आले तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील. नानांना ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्राचा खर्च लांबवू नका. आजी पुन्हा पुन्हा तेच विचारू लागल्या, रोजच्या वाटेवर चुकू लागल्या, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात असे माणूस असेल तर एवढे ध्यानात असू द्या. विसरून खाल्ले तर रोजा तुटत नाही, अल्लाहनेच त्याला खाऊ घातले असे समजावे, ही पैगंबरांची शिकवण आहे. आजाराने ज्याची समजच गेली, त्याच्यावर रोजा फर्जही राहत नाही. भर दुपारी दादी चहा मागू लागल्या तर त्यांना रमजान आठवून देत बसू नका. चहा करून द्या.