श्राव्य शब्द आणि दृश्य शब्द

लेखन हे भाषेचे अंग नसून भाषणाची दृश्य नोंद होय, असा ब्लूमफील्डचा सिद्धान्त (१९३३) सर्वपरिचित आहे. बॉब डिलनच्या 'सबटेरेनिअन होमसिक ब्लूज' या गीताची चित्रफीत त्याला अडचणीत टाकते. डी. ए. पेनेबेकर यांनी ती मे १९६५ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागील गल्लीत चित्रित केली. १९६७ च्या 'डोन्ट लुक बॅक' या चित्रपटाचा आरंभ तिनेच होतो. (या नावातील लोपचिन्हही बुद्ध्याच गाळलेले आहे.) डिलन ओठ हलवीत नाही, गीत वाजत असता निवडक शब्दांचे फलक तो एकेक करून टाकून देतो. मात्र गायिलेला व लिहिलेला शब्द सर्वत्र जुळत नाहीत. कानी अकरा डॉलर पडतात, फलकावर वीस दिसतात. ही उघड थट्टाच. 'सक्सेस'चा फलक अधिक मार्मिक आहे. मध्ये एक वर्ण अधिक घालून पहिल्या अवयवाला हीनार्थी क्रियापदाचे रूप दिले आहे. उच्चारात भेद जवळजवळ नाही. यशाची नालस्ती केवळ डोळ्यांना कळते. हा श्लेष बोलून दाखविता येत नाही. त्याला नोंद म्हणावयाचे, तर ती कोणत्या उच्चाराची, हे सांगावे लागेल.