वारंवार आजारी पडणारें मूल

जन्मभर शाळेंत शिकविणाऱ्या माणसाला हजेरीपटावरूनही घराघरांतील सुखदुःखें कळूं लागतात. कुपवाडांतील माझ्या एका विद्यार्थ्याचे दोन धाकटे भाऊ वर्ष पुरें होण्यापूर्वींच दगावले. दोघांनाही तोच खोकला, तीच हगवण, तोंडांत तीच पांढरी बुरशी. शेजाऱ्यांनीं दोष आईच्या पायगुणाला दिला. मीही गप्प राहिलों. पुढें या विषयाचें थोडेंबहुत वाचन घडल्यावर त्या मौनाची मला लाज वाटूं लागली.

आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं झुंजतात. त्या हाडांच्या पोकळींतील मज्जेंत मूळपेशींपासून तयार होतात. कांहीं बालकांत आनुवंशिक दोषामुळें या पेशींचा एखादा प्रकार निर्माणच होत नाहीं, किंवा निर्माण होऊनही निकामी ठरतो. अत्यंत तीव्र प्रकारांत साधें पडसेंही जिवावर बेततें. इतर बालकांना हितकारक असलेली बी. सी. जी.ची लस, परंतु तिच्यांतील जिवंत जंतूही अशा बाळाच्या अंगांत पसरूं शकतात.

हा दोष ओळखावयाचा कसा? मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. १९५७ सालीं रक्तगटांच्या संशोधनासाठीं तिचा आरंभ झाला. या संस्थेंत डॉ. मनीषा मडकईकर व त्यांचे सहकारी यांनीं या जन्मजात विकारांच्या निदानाचें मोलाचें कार्य केलें आहे. फ्लो सायटोमेट्री नांवाच्या पद्धतींत रक्तपेशींना चमकणारीं द्रव्यें चिकटवून त्या एकामागून एक प्रकाशझोतांतून नेतात. त्यांच्या तेजावरून कोणत्या जातीच्या पेशी किती आहेत हें मोजतां येतें. यासाठीं थोडेसें रक्त पुरतें. दोषी जनुक निश्चित झाल्यास पुढील गर्भारपणांत गर्भाचीही परीक्षा करतां येते.

उपचाराचें तत्त्व आपल्या सांगलीकडील हळदीच्या शेतकऱ्याला सहज पटेल. बेणेंच किडकें असेल तर वरून कितीही खत घातलें तरी पीक येत नाहीं. बेणें बदलावें लागतें. निरोगी दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे रुग्णाच्या रक्तांत सोडतात आणि त्या आपण होऊन मज्जेंत जाऊन रुजतात. पुष्कळदां त्यापूर्वीं तीव्र औषधांनीं जुन्या पेशी काढून रान मोकळें करावें लागतें. मात्र दाता जुळावयास हवा. सख्ख्या भावंडाशीं पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. आई किंवा बाप अर्धे जुळतात. जुळणी नीट नसेल तर नव्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचें भय असतें.

१९६८ सालीं अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें डॉ. रॉबर्ट गुड यांनीं बहिणीची मज्जा देऊन अशाच एका अर्भकाला वांचविलें. आपल्याकडे १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं रक्ताच्या कर्करोगानें पीडित बालिकेवर मज्जारोपण यशस्वी केलें, आणि या उपचाराची वाट भारतांतही मोकळी झाली.

यांत खरें महत्त्व वेळेचें. उत्तर अमेरिकेंतील २४० बालकांची पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. जन्मानंतर साडेतीन महिन्यांच्या आंत ज्यांच्यावर रोपण झालें, त्यांपैकीं शेंकडा ९४ बालकें पांच वर्षांनंतरही हयात होतीं. अंगांत रोग भिनल्यावर रोपण केलें तर यशाचा भरंवसा कमी होतो.

आपल्या भागांत मामाच्या मुलीशीं, क्वचित् सख्ख्या भाचीशींही, लग्न लावण्याची चाल आहे. नवराबायको एकाच रक्ताचीं असलीं म्हणजे दोघांतही तोच छुपा दोष असण्याचा संभव वाढतो. कांहीं प्रकार आईकडून मुलग्यांकडे उतरतात. परंतु तिला त्याची जाणीवही नसते. हा तिचा अपराध नव्हे, आणि पायगुण तर मुळींच नव्हे.

म्हणून ज्या घरीं तान्हीं मुलें एकापाठोपाठ गेलीं असतील, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं ही गोष्ट दडवूं नये. नवें बाळ जन्मतांच, लस टोंचण्यापूर्वीं, ती डॉक्टरांच्या कानीं घालावी. इतरांनीं मात्र लसीस भिऊन ती टाळूं नये. त्या माउलीच्या दारीं तेव्हां एवढें सांगणारा कोणी असता, तर कदाचित् माझ्या हजेरीपटावर आणखी दोन नांवें चढलीं असतीं.